पाचवी मात्रा

रविवारी दुपारी तीनला रेडिओवर बारकीची मुलाखत होती, आणि मामांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. रेडिओत नवे सेल घातले, एरियल तीनदा इकडून तिकडे फिरवली, भांडी चारनंतर घासा म्हणून मामींना बजावलं. मामी म्हणाल्या, मुलाखत तिची आहे की तुमची? मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. दुखऱ्या जागी बोट लागलं की ते असंच करायचे.

बारकी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची मुलगी. जॅझ गिटार वाजवणाऱ्या लोकांत आता तिचं नाव आहे. नाव झालं की मुलाखती आल्या, आणि मुलाखत आली की एक प्रश्न ठरलेला: तुमच्या वाजवण्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे? हे विचारताना मुलाखत घेणाऱ्यांचा आवाज, का कोण जाणे, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा हळू होतो. आतापर्यंत छापून आलेल्या पाच आणि रेडिओवरच्या चार, अशा नऊ मुलाखती झाल्या होत्या. नऊही वेळा बारकीने तीच चार नावं घेतली होती, आणि त्यांत मामांचं नाव नव्हतं.

चौघंही मोठी माणसं, त्यात वादच नाही. पहिला एकेका सुरावर इतका वेळ थांबतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा पुढचं विसरला की काय. दुसरी ती जाड तारा लावणारी बाई, तिच्या गिटारचा आवाज ओल्या लाकडातून आल्यासारखा येतो. तिसरा एका वेळी दोन गाणी वाजवतो. चौथा आता म्हातारा झालाय, फार कमी वाजवतो, आणि त्या कमी वाजवण्याचेच लोक गोडवे गातात. मामांना चौघांची कुळी तोंडपाठ होती. कोण कुणाच्या बँडमध्ये होता, कुणी कुणाचं काय उचललं, सगळं. जॅझमध्ये घराणी नसतात असं म्हणणारे लोक मला भेटलेत. साफ खोटं आहे ते. घराणी असतात, फक्त तिथले लोक पाया पडत नाहीत इतकंच.

प्रश्न आला. बारकीने चार नावं घेतली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, आणखी कुणी? रेडिओवर दोन सेकंद नुसती खरखर ऐकू आली. मामांचा हात बटणावर तसाच राहिला. मग बारकी जराशी हसली आणि म्हणाली, बाकी सगळं घरचंच.

मामी म्हणाल्या, ऐकलंत ना, घरचं म्हणाली. मामा म्हणाले, घर म्हणजे काय मी? घर म्हणजे भिंतीही आल्या. आणि ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

या माणसाला काय हवं होतं हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पैसा नको, हार नको. पोरीच्या तोंडून एकदा, चार लोकांत, आपलं नाव ऐकायचं होतं. आणि ते ती का घेत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. म्हणूनच तर जीव जास्त जळायचा.

मामांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अंगावर उजेड पडणार नाही इतकं अरुंद. एक गिऱ्हाईक तिथे रेकॉर्ड प्लेअर टाकून गेलं, गुरुवारी येतो म्हणालं आणि कधी आलंच नाही. प्लेअरवर एक प्लेट तशीच राहिली होती. तिला ना पाकीट, ना नाव. मधला कागद ओल लागून धुवून निघालेला, नुसतं निळं वर्तुळ उरलेलं. दोन वर्षं वाट पाहून, वडील जेवायला गेले असताना, एकोणीस वर्षांच्या मामांनी ती प्लेट लावली.

त्यात एक माणूस गिटार वाजवत होता. बोलता बोलता एखाद्याला जुनी गोष्ट आठवावी, त्याने हातातला विषय सोडून तिकडेच जावं, आणि फिरून बरोबर पहिल्या वाक्यावर यावं, तसं ते वाजवणं होतं. मामा स्टुलावर बसले होते ते उठलेच नाहीत. वडील जेवून आले, तरी ते तिथेच होते.

वाजवणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला बुवा म्हणायला सुरुवात केली. जुनी गिटार मिळवली. सुई ठेवायची, दोन सूर ऐकायचे, सुई उचलायची, ते सूर पडद्यांवर शोधायचे, पुन्हा सुई ठेवायची. शिकवायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. चार वर्षांत दोन्ही बाजू बोटांत उतरल्या.

आणि त्यात ती जागा होती. पहिल्या बाजूची तिसरी चीज, संथ, चार चार मात्रांत निवांत चालणारी. एका ठिकाणी बुवा चार सूर घेत, पाचव्या मात्रेला गिटारच्या लाकडावर टक् करून एक टिचकी मारत, आणि पुढचा सूर एकदम दांडीच्या दुसऱ्या टोकाचा. चाराच्या चालीत पाच मात्रा, मध्ये लाकडावर टिचकी, आणि लगेच हाताची ती भलीमोठी उडी! मामा वेडे व्हायचे बाकी राहिले. ती उडी हातात बसायला त्यांना तीन महिने लागले. टिचकीसाठी अंगठा लाकडावर आपटून आपटून तारांखालचं पॉलिश उडालं, आणि तिथे बोराएवढा पांढरा डाग पडला.

पुढे दुकान बंद झालं. मामा एका वाद्यांच्या दुकानात मागच्या बाकावर दुरुस्तीला बसू लागले. खुंट्या बदल, घिसलेले पडदे काढून नवे ठोक, घोडी चिकटव. दुपारी चार ते सात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात तिघांचा बँड असे, पियानो, बास आणि मामा. तिथे कुणी ऐकत नसे, चहाचे चमचे तेवढे वाजत. पहिल्याच महिन्यात मामांनी मोठ्या हौसेने बुवांची पाचवी मात्रा काढली. पियानोवाला धपकन तालातून पडला, मॅनेजरने मान वर करून पाहिलं. तेव्हापासून मामांनी कानाला खडा लावला. बावीस वर्षं हॉटेलात चार मात्रा आणि घरी आल्यावर, खाटेवर बसून, पाच.

बारकी नऊ वर्षांची असताना ताई इस्पितळात नर्स म्हणून लागल्या. ड्युटीचा काही नेम नसायचा, म्हणून शाळा सुटली की पोर मामांकडे. ती दुकानाच्या दारातूनच मामा अशी हाक मारायची. ऐकून ऐकून शेजारचे, गिऱ्हाइकं, इतकंच काय, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे दुकानमालकही त्यांना मामा म्हणायला लागले. मामा-मामींना मूल नव्हतं. ही पोर खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहायची, आणि एक दिवस तिनेच गिटार मांडीवर ओढली.

चौदाव्या वर्षी, सहामाहीच्या एका सुट्टीत, तिला ती उडी जमली. जिथे मामांना तीन महिने लागले तिथे हिला अठरा दिवस. मामांची छाती फुगली, आणि खरं सांगायचं तर थोडं पोटातही दुखलं. पण त्यांनी तिला सांगून ठेवलं, कुणापुढे आपण कोण आहोत हे दाखवायची वेळ आली ना, की हेच वाजव.

ती वेळ अठराव्या वर्षी आली. मोठ्या शहरातल्या संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. बंद खोली, समोर तीन शिक्षक. बारकीने बुवांची चीज वाजवली. चार सूर, टिचकी, उडी. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा टिचकी, पुन्हा उडी. त्यातल्या एकाला हसू आवरेना. त्याने चष्मा काढून डोळे पुसले, कपाटातून एक प्लेट काढली आणि लावली. तीच चीज, तेच बुवा. पण टिचकी नाही आणि उडीही नाही. बुवा तिथे सरळ आठ मात्रा चालत होते, आणि जिना चढावा तसे एकेक पायरीने वरच्या सुराला पोचत होते. मामांच्या प्लेटेवर त्या जागी चीर होती. सुई चिरेवर टक् करून आपटायची आणि पुढच्या रेघेत पडायची. आठातल्या तीन मात्रा चिरेने खाल्ल्या होत्या, उरल्या होत्या पाच.

बारकीला प्रवेश मिळाला. सामान न्यायला ती दोन दिवस घरी आली, आणि दारात चपला काढता काढताच तिने विचारलं.

"मामा, ती चीर होती. तुला माहीत होतं?"

आता या माणसाचं काय होतं ते समजून घ्या. हा रेडिओवाल्याचा मुलगा. गल्लीत कुणाच्या घरी प्लेट अडली, तर रस्त्यावरून जाता जाता सांगायचा, सुई बदला, नाहीतर प्लेट पुसा. दुसऱ्याच्या प्लेटेवरची चीर त्याने दारातून ओळखली असती. फक्त आपल्या प्लेटेवरची ओळखली नाही, कारण त्याला ती चीर वाटलीच नव्हती कधी. ती बुवांची होती ना! असं सगळं एकदम अंगावर आलं, आणि मामांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"माहीत होतं की. आवडलं म्हणून ठेवलं."

बारकी बरं म्हणाली आणि आत जाऊन पेटी भरायला लागली. म्हणजे पोरीला काय वाटलं असेल? की मामाला माहीत होतं, आणि तरी मामाने आपल्याला तिघांच्या पुढे हसं व्हायला पाठवलं. मामा दोन दिवस बोलू बोलू म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटली.

त्याला बारा वर्षं झाली. बारकी शिकली. मग आठ महिने एका जहाजावरच्या बँडमध्ये नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवलं, दोन वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे स्टुडिओत नुसते स्वर धरले, मग त्या जाड तारांच्या बाईने तिला जोडीला घेतलं, आणि शेवटी तिचा स्वतःचा तिघांचा बँड झाला. घरी येत नव्हती असं नाही. तीन वर्षांनी, दोन वर्षांनी यायची, मामींच्या हातचा चहा प्यायची. बरा आहेस ना मामा? बरा आहे ग. गिटारचा विषय दोघांनीही काढला नाही. तिची गिटार ताईंकडेच राहायची. मामांची भिंतीवर टांगलेली असायची, आणि जाताना बारकीची नजर एकदा तिच्यावरून फिरायची.

तिच्या चार प्लेटा निघाल्या. मामांनी प्रत्येक प्लेट पहिल्यांदा ऐकली ती एकाच कानाने. कुठे पाचवी मात्रा येते का? आली नाही. हे म्हाताऱ्याचं, हे त्या बाईचं, असं त्यांना जागेवर ओळखता यायचं. आपलं काही सापडायचं नाही. बुवांची स्वच्छ प्लेटही त्यांनी मिळवली. पाकिटावर नाव होतं, फोटो होता. नाव कळलं आणि बुवा परके झाले. त्या सरळ आठ मात्रा मामांनी दोनदा ऐकल्या आणि प्लेट कपाटावर ठेवून दिली. त्यांना बारकीची आठवण यायची ती बहुतेक संध्याकाळीच, हॉटेलातून परत आल्यावर, खाटेच्या पायथ्याशी कुणी बसलेलं नसायचं तेव्हा.

मुलाखतीनंतरच्या शनिवारी बारकीचा कार्यक्रम याच शहरात होता, संध्याकाळी पाचला. ताईंच्या हातून दोन तिकिटं आली, तिसरी रांग, आणि मामांनी हॉटेलात त्या दिवसाची सुट्टी टाकली. तिकिटांसोबत चिठ्ठी नव्हती. मामांनी पाकीट उलटं करून झटकूनसुद्धा पाहिलं.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता दुकानात सभागृहातून फोन आला. आज वाजवणार आहेत त्या बाईंच्या गिटारचा प्रवासात वरचा हाडाचा तुकडा फुटलाय, ज्याच्या खाचांतून तारा जातात तो. माणूस हवाय, ताबडतोब. मालक म्हणाले, मामा, तुम्हीच जा. मामांनी हत्यारांची पेटी उचलली. रस्त्यात दोनदा त्यांना वाटलं की पोटात कळ आली असं सांगून परत जावं.

बारकी तिथे नव्हती, आईकडे जेवायला गेली होती. रंगमंचावर ड्रमवाला आणि बासवाला आपापलं जुळवत बसले होते. मामांनी कोपऱ्यात टेबल ओढलं, बारकीची गिटार तिच्या खोक्यातून काढली आणि हात तसेच राहिले. हिच्याही तारांच्या खाली, पॉलिश उडून, बोराएवढा पांढरा डाग होता.

त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. खडबडीत लागला. एका दिवसाचं काम नव्हतं ते. मग त्यांनी चष्मा लावला आणि कामाला लागले, कारण हातांना काहीतरी देणं भाग होतं. फुटका तुकडा काढला, जुना गोंद खरवडला, नवं हाड कानशीने घासून बसवलं. सहा तारांच्या सहा खाचा, प्रत्येकीला वेगळी कानस. जाड तारांची बाई हिच्या तारांतही होती, खाचा रुंद कराव्या लागल्या.

चौथी खाच चालू असताना मागे ड्रमवाला बासवाल्याला एक जागा मोजून दाखवायला लागला. काठी कडेवर आपटत तो म्हणत होता, एक, दोन, तीन, चार, मामा. पुन्हा. एक, दोन, तीन, चार, मामा. आणि मामा म्हणताना काठी लाकडावर, टक्.

कानस थांबली. मामांनी मान वर न करताच विचारलं, हे मामा काय आहे? ड्रमवाला म्हणाला, पाचवी मात्रा. नवी चीज आहे, आज पहिल्यांदाच वाजवतोय. पाच म्हटलेलं आमच्या बाईंना चालत नाही. म्हणतात, ती मोजायची नाही, तिथे नाव घ्यायचं.

कानशीखालचं हाड ओलं झालं, ते त्यांनी सदऱ्याने पुसलं.

बारकी आली तेव्हा ते तारा चढवत होते. ती दारातच थांबली. सदऱ्यावर हाडाचा पांढरा भुगा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, असा मामा तिच्या गिटारवर वाकलेला. नऊ वर्षांची असताना शाळेतून आल्यावर तिला रोज दिसायचा तसाच. बारा वर्षं तोंडात मूग धरून बसलेल्या माणसाने मग नमस्कार चमत्कार काही न करता एकदम सांगून टाकलं.

"बारके, मला माहीत नव्हतं ग. ती चीर आहे ते. खरंच माहीत नव्हतं."

बारकी जवळ येऊन एका खोक्यावर बसली. "ठाऊक आहे मला. चिरेपायी कुणी पॉलिश झिजवत नाही, मामा."

मग नाव का नाही घेतलंस कधी, हे त्यांना विचारायचं नव्हतं. पण विचारून गेले. बारकीने त्या डागावर बोट ठेवलं.

"त्या तिघांनी विचारलं होतं, हे कुणी शिकवलं म्हणून. हसत होते ना ते... मी म्हटलं, कुणी नाही, माझी मीच शिकले. एकदा तुला नाही म्हणून बसले. मग पुढे कुठल्या तोंडाने नाव घेऊ?"

काय म्हणावं या दोघांना! एक खोटं तो बोलला, एक ती, आणि दोघंही बारा वर्षं आपापल्या घरात बसून समजत राहिले की गुन्हेगार आपण एकटेच. मला तर दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटतो. मामांनी धपाटा घातला नाही. त्यांनी सहावी तार ताणली, सूर लावला, गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, बघ, वाजतेय का नीट. ती म्हणाली, वाजतेय. आता घरी जा, सदरा बदल आणि मामीला घेऊन ये.

पाच वाजता तिसऱ्या रांगेत मामा आणि मामी बसले होते. मामा इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेले. मामींना ड्रमचा आवाज फार होतो म्हणून त्यांनी एका कानात कापूस घातला होता. तीन चिजा झाल्या. पहिलीत तो थांबणारा होता, दुसरीत म्हातारा, तिसरीत मामांना काहीच ओळखू आलं नाही, नुसती बारकीच होती. मग ती नवी चीज सुरू झाली, संथ, निवांत.

चार सूर आले. पाचव्या मात्रेला बारकीने अंगठा उचलला, आणि लाकडावर आपटलाच नाही. ड्रमवाल्याची काठी हवेत थांबली. सगळं सभागृह एक मात्राभर गप्प झालं, आणि बारकी सरळ तिसऱ्या रांगेकडे बघत होती. मग तिचा हात उडी घेऊन वर गेला आणि चीज पुढे चालू लागली. लोकांना वाटलं, असंच असेल. मामा दगडासारखे बसून राहिले. आपलीच जागा, आपल्यासाठी मोकळी सोडलेली, आणि आपण ती घालवली. बारा वर्षांपूर्वी दारात उभे राहिलो होतो, अगदी तसेच.

मामींनी कापूस न काढताच त्यांना कोपराने ढोसलं. जॅझ त्यांना कधी कळलं नव्हतं, पण बावीस वर्षं खाटेवरची ती टक् त्यांनी ऐकली होती.

"अहो, तुमची पाळी होती ती."

चीज फिरून पहिल्या जागी आली. मामांनी खुर्चीच्या लाकडी हातावर अंगठा आणून ठेवला. एक, दोन, तीन, चार. बारकीने पुन्हा अंगठा उचलून धरला.

टक्.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून रागाने पाहिलं. रंगमंचावर बारकीचा हात दांडीच्या वरच्या टोकाला पोचला होता, आणि ती हसत होती की डोळे मिटून घेत होती ते मामांना नीट दिसेना, कारण चष्म्यावर वाफ धरली होती. उद्या सकाळी आठची तिची गाडी होती. मामांनी चष्मा पुसला नाही आणि अंगठाही उचलला नाही, कारण ती जागा अजून दोनदा यायची होती.